काढा, हळद, पेरू आणि झोप: थंडीतल्या पत्रांना उत्तरं

थंडी पडली की पत्रांचा विषय ठरून जातो. सांगलीत मार्केट यार्डाजवळ माझा दवाखाना आहे. तिथं हमालीचं काम करणारे दादा असोत, अडत दुकानातले मुनीमजी असोत की शाळेच्या पोरांना घेऊन आलेल्या आया असोत, सगळ्यांचा प्रश्न एकच: प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेऊ? मी प्रत्येकाला उलट विचारते, तुमची ती आहे ती कशानं खर्ची पडतेय? कुणाचं उत्तर झोपेत सापडतं, कुणाचं साखरेत, कुणाचं धुरात, तर कुणाचं ती वाढवायला म्हणून घेतलेल्या औषधातच. या महिन्याच्या पत्रांतही तेच दिसतंय. सर्वांची नावं अर्थातच वगळली आहेत.

तासगावहून एक भगिनी लिहितात:
"डॉक्टर मॅडम, नमस्कार. दिवाळी झाली की आमच्या घरी काढा सुरू होतो. तुळस, सुंठ, मिरी, दालचिनी, गुळवेल आणि गोडीसाठी भरपूर ज्येष्ठमध. करोनाच्या वेळेपासून लागलेली सवय आहे. सगळे सकाळ-संध्याकाळ पेला भरून घेतो. सासऱ्यांना बीपीची गोळी चालू आहे. इतकी वर्षं बीपी ताब्यात होतं, ते आता वाढलंय. पायांवर सूज दिसते आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. काढा उष्ण पडला असेल का? बंद करूया म्हटलं तर सासरे ऐकत नाहीत. शक्ती कमी होईल म्हणतात."

ताई, सासऱ्यांचा काढा आजच थांबवा. बीपीची गोळी मात्र चुकवू नका. एक-दोन दिवसांत त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि काढ्यात काय काय घालता ते कागदावर लिहून सोबत द्या. रक्तातलं पोटॅशियम तपासायचं का, हे आवर्जून विचारा. सूज दुसऱ्या कारणानंही असू शकते, म्हणून काढा बंद केला की झालं, असं समजू नका.

माझा संशय ज्येष्ठमधावर आहे. त्याची गोडी ज्या घटकाची आहे, त्या ग्लिसिरायझिनमुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडून देतं. पाणी साठलं की बीपी चढतं, पाय सुजतात. पोटॅशियम उतरलं की गोळे येतात, हातापायातलं त्राण जातं आणि फारच उतरलं तर हृदयाची लय बिघडते. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, त्यांनीही पोटॅशियम कमी होतं. सासऱ्यांची गोळी तसली असेल तर त्यांचं दोन्हीकडून नुकसान चाललंय. घसा बसल्यावर ज्येष्ठमधाची काडी दोन दिवस चघळायला माझी हरकत नसते. पण रोज दोन पेले, आठवड्यामागून आठवडे, हे औषध झालं आणि औषधाला मात्रा लागते. बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ज्येष्ठमध टाळावंच.

२०२० साली आयुष मंत्रालयानं जो काढा सुचवला होता, त्यात तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका एवढंच होतं, तेही दिवसातून एकदा किंवा दोनदा. पुढं घरोघरी त्यात एकेक भर पडत गेली. गुळवेल त्यातलीच. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही, गुळवेलीसारखाच दिसणारा दुसरा वेल वापरला गेला असावा असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्या दृष्टीनं तेवढंही पुरेसं आहे, कारण बांधावरून किंवा कुंपणावरून तोडून आणलेला वेल नेमका कोणता, हे घरात कोण तपासतं? ज्यांना यकृताचा आजार आहे, किंवा शरीराचीच यंत्रणा शरीरावर उलटते असा सांधेदुखीचा, कातडीचा आजार आहे, त्यांनी गुळवेलीच्या वाटेला जाऊ नये. कुणाचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर सगळे काढे बंद करून आधी तपासणी.

सासऱ्यांना माझ्याकडून एवढं सांगा. नाकातला शेंबूड, श्वासनळीतले बारीक केस, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यांनी तयार केलेली प्रतिपिंडं, एकदा भेटलेला जंतू वर्षानुवर्षं लक्षात ठेवणाऱ्या पेशी, या सगळ्यांची मिळून प्रतिकारशक्ती होते. काढा बंद केल्यानं यातलं काही कमी होत नाही. सर्दी झालेली असताना गरम पेयानं घसा शेकतो, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पोटात पाणी जातं, हा त्याचा खरा उपयोग. बाकीच्यांनी सर्दीच्या दिवसांत अर्धा कप घ्यावा. तुळशीची पानं, सुंठेचा लहान तुकडा, दोन-तीन मिरी आणि गोडीला तुमच्याच तासगावचे बेदाणे, एवढंच पुरे.

आणि संध्याकाळी सासऱ्यांना गरम काही हवंच असेल तर हुलग्याचं माडगं करा. आपल्याकडं पूर्वी थंडीत ते घरोघरी व्हायचं, आता कुणी फारसं करत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. हुलगे खमंग भाजून दळून आणायचे, दोन चमचे पीठ गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचं, मग उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचं. लसूण-जिरं ठेचून घालायचं. सासऱ्यांच्या वाटीत मीठ चिमटीपुरतंच. शंभर ग्रॅम हुलग्यांत साधारण बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, आणि मघाशी सांगितलेली प्रतिपिंडं ही प्रथिनंच असतात. म्हातारपणी भाकरी-भाजीचे दोन घास खाऊन ताट सारणाऱ्यांना प्रथिनं कमी पडतात. काढ्याच्या पेल्यापेक्षा माडग्याची वाटी मला त्यांच्यासाठी कितीतरी मोलाची वाटते.

हरिपूरहून एक वाचक विचारतात:
"आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या हळदीच्या व्यवहारातलं. पेवातली हळद बघतच वाढलो. आता मुलगा म्हणतो, दुधातली हळद अंगाला लागत नाही, कुरकुमिनच्या कॅप्सूल घ्या. खरं काय?"

दादा, मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. हळदीत कुरकुमिन साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि त्यातलंही आतड्यातून रक्तात फार थोडं उतरतं. मिरीतल्या पिपरीनसोबत दिलं तर ते वीसपट उतरतं, असं बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं. म्हणून दुधात हळद घालायची तर पाव चमचा, सोबत मिरीची पूड, आणि दूध साय न काढलेलं. घशाला आराम मिळतो, झोपताना बरं वाटतं. त्यानं फ्लू टळतो असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तसं कुणी सिद्ध केलेलं नाही.

कॅप्सूलची गोष्ट वेगळी. तिच्यात कुरकुमिन कितीतरी जास्त असतं, बऱ्याचदा ते जास्त शोषलं जावं म्हणून पिपरीनही घातलेलं असतं, आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी निरनिराळ्या देशांतून आल्या आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील, तर त्या नकोतच. आपण भाजी-आमटीत रोज वापरतो त्या हळदीला हा धोका नाही. तिथं धोका आहे तो भेसळीचा. पिवळा रंग उठून दिसावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट चोळतात. ते शिसं आहे आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तुम्ही तर त्या व्यवहारातलेच आहात. गिऱ्हाइकांना चकचकीत हळकुंडांमागं लागू नका, ओळखीच्या शेतकऱ्याची हळकुंडं घेऊन समोर दळून घ्या, असं तुम्हीच सांगितलंत तर माझ्या दहा लेखांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

विट्याहून एक आई लिहिते:
"माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. पहिलीत गेल्यापासून दर महिन्याला सर्दी-खोकला. सासूबाई दही, केळं, पेरू, संत्रं काही देऊ देत नाहीत, कफ होतो म्हणतात. दर वेळी डॉक्टर अँटिबायोटिक देतात. त्याची प्रतिकारशक्ती मुळातच कमी आहे का? काही टॉनिक सुचवा."

बाळाचं वजन-उंची नीट वाढतेय, सर्दी दहा दिवसांत बरी होतेय आणि मधल्या दिवसांत तो हुंदडतोय ना? मग त्याची प्रतिकारशक्ती कमी नाही, ती शिकतेय. सर्दी करणारे विषाणू दोनशेहून अधिक जातींचे आहेत. शाळेत जाणाऱ्या लहान मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं हे नेहमीचंच आहे. ती बहुतेक पावसाळ्यात आणि थंडीतच होते आणि एकेक आठ-दहा दिवस टिकते, त्यामुळे आईला वाटतं की पोराचं नाक वाहायचं थांबतच नाही. वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, कान सारखा फुटतोय, वजन थांबलंय, तोंडात पांढरे चट्टे जात नाहीत, असं काही असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवून तपासण्या करून घ्यायला हव्यात.

सासूबाईंना दुखवू नका. थंडीत नाक-कान झाका, हे त्यांचं म्हणणं शास्त्रालाही पटणारं आहे. सर्दीचा सगळ्यात नेहमीचा विषाणू, ऱ्हायनोव्हायरस, नाकातल्या गार हवेत, तेहतीस-चौतीस अंशांना जास्त जोमानं वाढतो. पण पेरूनं सर्दी होत नाही. सर्दी एकाच्या नाकातून दुसऱ्याच्या हाताला आणि हातावरून नाका-डोळ्यांना अशी पोहोचते, किंवा शेजारी बसून शिंकणाऱ्याकडून. शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या घरात असतं, संत्र्यात त्याच्या चौथाईएवढं. थंडीत तुमच्याकडं पेरू स्वस्त मिळतो आणि तोच पोराला मिळत नाही, ही गोष्ट मला फार लागते. फ्रीजमधून काढलेलं नको, दुपारच्या उन्हात बसवून मीठ-तिखट लावून द्या. दही ताजं, दुपारच्या जेवणात द्या. सासूबाईंच्या मनासाठी संध्याकाळनंतर देऊ नका, एवढी तडजोड करायला काहीच हरकत नाही.

टॉनिक नको. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. कानदुखी, न्यूमोनिया, ठरावीक प्रकारचा घसा, एवढ्यालाच ते लागतं. दर महिन्याला दिलं तर पोटातले चांगले जंतू मरतात आणि खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू पडत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, "हे अँटिबायोटिक आहे का, आणि आज ते कशासाठी?" विचारल्यावर रागावणाऱ्या डॉक्टरांना घाबरू नका. रात्री खोकला आला तर झोपताना चमचाभर मध द्या. वर्षावरच्या मुलांना तो चालतो. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची पातळ औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा केंद्रीय औषध नियंत्रकांचा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला आहे. धाकटं भावंड असेल तर मोठ्याची बाटली त्याला देऊ नका. आणि शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी साबणानं हात, नखांसकट. टॉनिकपेक्षा याचा गुण खात्रीचा.

कुपवाड एमआयडीसीतून एक तरुण:
"वय सव्वीस. कारखान्यात आलटून पालटून रात्रपाळी असते. दिवसा घरात आवाज, चार-पाच तासच झोप होते. सारखी सर्दी, अंग मोडून येतं. रजा मिळत नाही म्हणून सुई मारून घेतो, दोन तासांत बरं वाटतं. ताकदीची सलाईन लावली तर वर्षभर निभेल का?"

सलाईन म्हणजे मीठपाणी किंवा साखरपाणी. तिच्यात जीवनसत्त्वाचं इंजेक्शन घातलं की ती पिवळी दिसते, जास्तीचं जीवनसत्त्व त्याच दिवशी लघवीतून जातं आणि तुझे पैसेही. त्या सुईत काय होतं, हे तू विचारलं आहेस का? दोन तासांत अंग हलकं करणाऱ्या सुईत पुष्कळदा वेदनाशामकासोबत स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडनं ताप उतरतो, अंगदुखी जाते, भूक लागते आणि प्रतिकारशक्ती दबते. तू ती वाढवायला जातोस आणि दाबून घेऊन येतोस. पुढच्या वेळी सुई घेण्याआधी नाव लिहून माग. सर्दीला सुई लागत नाही.

तुझं औषध झोप आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकशे चौसष्ट धडधाकट माणसांच्या मनगटाला झोप मोजणारं यंत्र आठवडाभर बांधलं आणि मग सगळ्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले. जे सहा तासांपेक्षा कमी झोपत होते, त्यांना सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट सर्दी झाली. विषाणू सगळ्यांना सारखाच दिला होता.

रात्रपाळी तुझ्या हातात नाही, हे मला कळतं. पण पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर तास घालवू नकोस. पहाटे तीननंतर चहा घेऊच नकोस. घरी जाताना डोळ्यांवर गॉगल लाव, म्हणजे सकाळचं ऊन झोप उडवणार नाही. खिडकीला जाड चादर, कानात कापूस, मोबाईल दुसऱ्या खोलीत. आईला सांग, दुपारी एकपर्यंत कुणी हाक मारायची नाही. सलग सहा तास नाही जमले तर सकाळी चार आणि पाळीला जाण्याआधी दोन, असे तुकडे कर. डब्यात मटकीची उसळ किंवा दोन अंडी असू देत, नुसता वडापाव नको. महिनाभर हे करून पाहा आणि मला पुन्हा लिही. तरीही थकवा राहिला तर हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ तपासू. कमी निघालं तर त्याची सुई मी स्वतः देईन.

साताऱ्याहून एक निवृत्त शिक्षक:
"वय अडुसष्ट, मधुमेह बारा वर्षांपासून. दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण चालतो. गेल्या आषाढात वारीहून आल्यावर फ्लूनं दहा दिवस अंथरुणाला खिळलो. आता दोन वेळा च्यवनप्राश आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतोय. फ्लूची लस घ्यावी म्हणतात, पण लशीनंच फ्लू होतो असंही ऐकलं."

गुरुजी, नमस्कार. च्यवनप्राशातला मोठा वाटा साखरेचा असतो. दोन वेळा दोन मोठे चमचे घेतले तर तुमची साखर वाढणारच, आणि वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी जंतूला पकडण्यात कमी पडतात. आवळा हवाच असेल तर ताजा किसून, मीठ लावून, जेवणात घ्या. मोरावळा नको. क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. त्या रोज घेतल्यानं सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, झालेली सर्दी थोडी लवकर आटोपते, दहा दिवसांतला जेमतेम एखादा दिवस वाचतो. फायदा दिसला तो कडाक्याच्या थंडीत किंवा अतिश्रमात असलेल्यांना, म्हणजे सैनिकांना, लांब पल्ल्याच्या धावपटूंना. थंडीत रोज पेरू किंवा आवळा खाल्लात की तुमची गरज भागली.

लस मात्र घ्याच. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, तिच्यानं फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते, कारण शरीर कामाला लागलेलं असतं. प्रतिकारशक्ती 'नैसर्गिकरीत्या' वाढावी असं सगळ्यांना वाटतं. लस तेच करते, शरीराला विषाणूचा चेहरा आधी दाखवते आणि प्रतिपिंडं तुमचं शरीर स्वतःच बनवतं. लस त्या वर्षीच्या विषाणूशी जुळली तर ती साधारण चाळीस ते साठ टक्के लोकांचा फ्लू टाळते. वय झालेल्यांत थोडं कमी, पण झाला तरी दवाखान्यात भरती होण्याची वेळ कमी वेळा येते. विषाणू रूप पालटतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते.

आपल्या भागात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरा जानेवारी ते मार्चमध्ये असतो. अंगात संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. म्हणून आता एक घ्या, आणि पुढं दरवर्षी पालखी आळंदीहून निघण्याच्या महिनाभर आधी घेत चला. कोणती लस केव्हा, हे डॉक्टरांशी ठरवा, आणि न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकस जंतूच्या लशीबद्दलही त्याच भेटीत विचारा. वारीत दिंडीच्या तंबूत दाटीनं झोपणं टळत नाही, पण कनातीची एक बाजू उघडी ठेवता येते. एकाच तांब्यातून सगळ्यांनी पाणी पिणं टाळता येतं. ताप आला तर "थकव्याचा असेल" म्हणून पुढं चालत राहू नका. फ्लूची ओसेल्टामिविर ही गोळी पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झाली तर सगळ्यात उपयोगी पडते, आणि मधुमेह असलेल्यांसाठी ते दोन दिवस फार मोलाचे असतात. आजारपणात साखरेची गोळी स्वतःहून बंद करू नका. जेवण जात नसेल तर डॉक्टरांना फोन करा.

दहिवडीहून एक आजी विचारतात:
"नात दीड महिन्याची आहे. थंडी लागू नये म्हणून न्हाऊ घातल्यावर ओवा-वावडिंगाची धुरी देते, नाकात तेलाचे दोन थेंब घालते, मधातून चाटण देते. सून नको म्हणते. आम्ही एवढी पोरं अशीच वाढवली."

आजी, तुमच्या हातची माया त्या लेकराला हवीच आहे, आणि सूनही बरोबर बोलतेय. एवढ्याशा फुप्फुसाला धूर सोसत नाही. विस्तवावर काहीही टाकलं तरी शेवटी तो धूरच. धुरानं श्वासनळीतले ते बारीक केस दुबळे होतात आणि न्यूमोनियाला वाट मिळते. नाकात घातलेलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं आणि तिथंच साठून राहतं, त्यानं होणारा न्यूमोनिया लवकर बरा होत नाही. मध वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटालाही लावू नका. त्यातल्या एका जंतूच्या विषानं तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडतात. कापूरही जवळ नको.

तुम्ही तेलानं अंग चोळा, उन्हात घेऊन बसा, टोपडं घाला, कुशीत घ्या. सुनेला पोटभर जेवायला घाला, मेथी घाला, डिंकाचा लाडू द्या, आणि सहा महिने बाळाला तिच्या दुधाशिवाय काही देऊ नका. बाळाच्या प्रतिकारशक्तीला मोठा आधार त्या दुधातूनच मिळतो. नाक चोंदलं तर औषधाच्या दुकानात मिळणारे मीठपाण्याचे थेंब पाजण्याआधी घाला. शांत झोपलेली असताना तिचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. साठ किंवा जास्त भरला, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला, दूध ओढेनाशी झाली किंवा अंग गरम लागलं, तर रात्र असली तरी थांबू नका.

शेवटचं पत्र जतहून, एका मुलीचं:
"आईला महिन्यापूर्वी सर्दी झाली. सर्दी गेली पण खोकला राहिला. संध्याकाळी कणकण असते, ब्लाउज सैल झालेत. चुलीवर स्वयंपाक करते, मिश्री लावते. प्रतिकारशक्तीसाठी काय देऊ?"

बाळ, सध्या दुसरं काही देऊ नकोस. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला, संध्याकाळचा ताप आणि उतरणारं वजन, यावर घरी उपाय करायचा नसतो. उद्याच आईला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ने आणि क्षयरोगाची थुंकीची तपासणी करायला सांग. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, आजार निघाला तर औषधंही मोफत मिळतात, आणि पूर्ण मुदतीची औषधं घेतली की क्षयरोग बरा होतो. साखरही तपासून घे, कारण मधुमेह आणि क्षयरोग पुष्कळदा जोडीनं सापडतात. नमुना देताना लाळ नको, खोल खोकून छातीतून आलेला बेडका हवा. सकाळी उठल्या उठल्या, मिश्री लावायच्या आधी, चूळ भरून, घराबाहेर मोकळ्यावर जाऊन डबीत घ्यायचा आणि झाकण घट्ट लावून त्याच दिवशी पोहोचवायचा. निकाल येईपर्यंत आईनं तोंडाला पदर नाही, मास्क लावावा, आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. चुलीचं काम काही दिवस तू घे, गॅस असेल तर गॅसवरच कर. मिश्रीबद्दल मी आईशी स्वतः बोलेन, निकाल आला की तिला घेऊन ये.